गल्लीतलं शेवटचं घर

सासूने सुनेचं मनगट धरलं आणि वर केलं.

"हा घ्या मालकिणीचा हात," ती म्हणाली. "मोजा."

गाड्या लावायच्या शेडमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून बसलेली माणसं हसली. चेअरमन म्हणाले, "काकू, त्यांचा हात त्यांना वर करू द्या की."

"तिचाच आहे. मी नुसता टेकू दिलाय. लाजते ती चारचौघांत."

पुन्हा हशा झाला. सून हसली नाही, पण तिने हात खालीही ओढला नाही. बांगड्या कोपराकडे घसरल्या, तेवढाच आवाज. चेअरमननी मान डोलावली आणि ठराव मंजूर झाला. कॉलनीच्या मागच्या भिंतीतलं भगदाड बुजवायचं.

भगदाड म्हणण्याएवढं ते मोठं नव्हतंच. सडपातळ माणूस आडवा होऊन जायचा, चेअरमन तर अडकूनच बसले असते. कॉलनी व्हायच्या आधी तिथून एक गल्ली सरळ जुन्या वस्तीतून बाजारापर्यंत जायची. कॉलनी झाली, भिंत आली, गल्लीचे दोन तुकडे झाले. बांधकामावरच्या मजुरांना लांबून फिरून यायचा कंटाळा, म्हणून त्यांनी चार विटा काढल्या, मग आणखी चार. मजूर गेले, वाट राहिली. कामाला येणाऱ्या बाया तिथून यायच्या, भाजीवाली तिथून यायची, आणि दुपारची भांडी आवरली की सून तिथून पलीकडे जायची. पलीकडे पहिलंच घर तिच्या आईचं होतं.

कुणाची तरी सायकल चोरीला गेली, तेवढं निमित्त झालं. ती सायकल भगदाडातून जाण्यासारखी नव्हती, हे सगळ्यांना दिसत होतं. पण ते बोलून दाखवायला कुणाला काय पडलं होतं?

सासूला सायकलीशी देणंघेणं नव्हतं. तिचा राग त्या शिलाई मशीनवर होता.

विहीणबाई शिवणकाम करायच्या. दुपारी मशीनची घरघर भिंतीवरून सासूच्या परसात यायची. मग ती थांबायची, म्हणजे सून पोचली. मग दोघींच्या हसण्याचा आवाज यायचा. काय हसत असतील मायलेकी एवढ्या? सासू उन्हात वाळवण राखत बसलेली असायची आणि कान तिकडे. सून परत यायची तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलेलं असायचं, ते चहा होईपर्यंत टिकायचं. ते काही या घरात मिळालेलं नव्हतं, आणि सासूच्या घरात सासूने न दिलेली वस्तू असलेली तिला चालायची नाही.

"लग्न झालं म्हणजे माणूस इकडचं होतं," ती मुलाला म्हणाली होती. "ही अर्धीच आली. अर्धी अजून भिंतीत अडकलीय."

मुलगा बिल्डरच्या ऑफिसात प्लॉटचे नकाशे काढायचा. ही कॉलनीही त्यानेच काढली होती. कंगव्यासारखी. एक मोठा रस्ता आणि त्याला दात काढावेत तशा गल्ल्या, कुठलीच दुसरीला मिळत नाही. आईला त्याने कौतुकाने समजावून सांगितलं होतं.

"जुन्या वस्तीत कुठूनही कुठेही जाता येतं बघ. घराच्या पुढून लोक, मागून लोक. इथे एका तोंडाने आत यायचं, त्याच तोंडाने बाहेर. म्हणून तर बंद गल्लीतलं शेवटचं घर सगळ्यात महाग जातं."

"मग आपण कुठलं घ्यायचं?"

"शेवटचंच. ऑफिसचा माणूस म्हणून स्वस्तात मिळतंय."

तसं ते घर आलं आणि सासूची मान आणखी दोन बोटं वर झाली. ते घर सुनेच्या नावावर का झालं, याचीही एक गोष्ट होती, पण सासू ती अर्धीच सांगायची. बाईच्या नावावर घर घेतलं की सरकारी शुल्कात सूट मिळत होती. मुलगा आईच्याच नावावर घेणार होता. दोघं रजिस्ट्रार ऑफिसात चौकशीला गेले, तेव्हा पुढची बाई टेबलाशी वाकून सह्या करत होती. प्रत्येक पानावर सही. तिचा हात थरथरत होता आणि टेबलामागचा कारकून तोंडावर हात ठेवून जांभई देत होता. सासू दुसरीपर्यंत शिकलेली. तिची सही म्हणजे अबोला धरलेल्या जावा, प्रत्येक अक्षर वेगळं तोंड करून उभं. ती त्या बाईकडे बघत राहिली, मग उठली आणि म्हणाली, "सुनेच्या नावावर कर. मला कशाला हवंय? मी काय डोक्यावर घेऊन जाणार आहे?"

सगळ्या नातेवाइकांनी तिच्या मोठ्या मनाची वाखाणणी केली. ती दर वेळी पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी ऐकायची.

गवंडी आला, भगदाड बुजलं. नव्या सिमेंटचा ठिपका जुन्या भिंतीवर ठिगळासारखा दिसायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी भांडी आवरून सून परसात गेली आणि थोडा वेळ तिथे उभी राहिली.

"काय बघतेस?"

"काही नाही. सिमेंट सुकलं का बघत होते."

"सुकलं. आत ये."

आता आईकडे जायचं तर गल्लीतून बाहेर, कॉलनीच्या फाटकातून बाहेर, मोठ्या रस्त्यावर. त्या रस्त्याला मधे कठडा. पलीकडे जायला पुलापर्यंत जा, पुलाखालून वळा, गोदामांच्या रांगेने मागे या, मग जुनी वस्ती. बस पुलापर्यंतच. हाकेच्या अंतरावरचं घर अर्ध्या दिवसाच्या अंतरावर गेलं. भिंत झाल्यावर सून आधी दर आठवड्याला जायची. मग जमेल तशी. मग सणावाराला जावं तशी.

विहीणबाई सुरुवातीला भिंतीपलीकडून हाक मारायच्या. चेअरमनकडे सासूने तक्रार केली, मग चेअरमननी सुनेला बोलावून सांगितलं की हे बरं दिसत नाही, आपली कॉलनी आहे. हाका बंद झाल्या. एकदा भिंतीवरून एक गाठोडं येऊन परसात पडलं. उशांचे अभ्रे होते, कडेला बारीक पिवळी वेलबुट्टी. सून तेव्हा दळण आणायला गेली होती. सासूने ते उलटसुलट करून पाहिले. टाके एकसारखे होते, नाव ठेवायला जागा नव्हती. तिने त्यातला एक फाडला आणि फरशी पुसायला घेतला, बाकीचे माळ्यावर टाकले.

सून आली, बादलीतल्या फडक्याकडे तिने पाहिलं. मग खाली बसली, फडकं पिळलं आणि फरशी पुसायला लागली. वेलबुट्टी तिने आतल्या बाजूला दुमडून घेतली होती.

सासूची लेक धाकटी, लाडकी. तिने स्वतःच्या मनाने लग्न केलं होतं आणि जावई वर्षभर रुसून या घराची पायरी चढला नव्हता. त्या दिवशी तो पहिल्यांदा जेवायला येणार होता. सासू पहाटेपासून उभी होती. मुलगा साइटवर गेलेला, दुपारपर्यंत येतो म्हणाला होता. सून ओट्याशी. मशीनची घरघर गेले काही दिवस ऐकू येत नव्हती. विहीणबाई आजारी आहेत हे सासूला माहीत होतं, सुनेलाही. रविवारी जाऊन ये, असं ठरलं होतं.

सासू परसात कपडे वाळत घालत होती तेव्हा पलीकडे कुणीतरी मोठ्याने रडलं. मग भिंतीवर एक डोकं उगवलं. विहीणबाईंची शेजारीण स्टुलावर चढली होती.

"अहो बाई, सुनेला सांगा तुमच्या. तिची आई गेली. आत्ताच. फोन लावतोय, उचलत नाहीये ती."

सासूने मान हलवली. शेजारीण उतरली. बादलीत दोन कपडे राहिले होते. सासूने ते झटकले, दोरीवर टाकले, चिमटे लावले. मग ती आत आली.

सून कणीक मळत होती. तिचा फोन आतल्या खोलीत चार्जिंगला होता. सासूने जाता जाता त्या खोलीचं दार ओढून घेतलं, परसाकडची खिडकी लावली आणि रेडिओ सुरू केला.

"आवाज जास्त होतोय का?" तिने विचारलं.

"नाही. असू दे," सून म्हणाली. "आज गाणी कशी काय?"

"पाहुणे येतायत. घर कसं जागं वाटायला हवं."

गेलेलं माणूस तासाभराने काही जास्त जात नाही, असं सासूने मनाशी धरलं. जावई आला. लेक आली. मुलगा साइटवरून आलाच नाही. जावयाने दोनदा वाढून घेतलं आणि म्हणाला, "वहिनी, हाताला चव आहे तुमच्या." सून हसली. सासूलाही बरं वाटलं, एवढं बरं की क्षणभर ती विसरूनच गेली. ताटं उचलली गेली, बडीशेपेची वाटी फिरली, दोघं गेली. मग तिने रेडिओ बंद केला.

"तुझा फोन वाजत होता वाटतं मघाशी," ती म्हणाली. "आईकडचा असेल. बघ जरा."

सून निघाली तेव्हा मोठ्या रस्त्यावर शाळा सुटल्याची गर्दी होती. रिक्षा कठड्याच्या कडेकडेने सरकत पुलापर्यंत गेली, पुलाखाली अडकली, वळली, गोदामांशी पुन्हा अडकली. ती पोचली तेव्हा आईला नेऊन झालं होतं. खोली झाडलेली होती. मशीनवर आच्छादन घातलेलं होतं आणि सुईत पिवळा दोरा तसाच ओवलेला होता.

शेजारणीने तिला पाणी दिलं.

"थांबलो गं आम्ही. खूप थांबलो. मी स्वतः स्टुलावर चढून तुझ्या सासूबाईंना सांगितलं. कपडे घालत होत्या वाळत. हो म्हणाल्या. म्हटलं, निघालीच असेल, वाटेत अडकली असेल."

सुनेने पेला खाली ठेवला.

"हो," ती म्हणाली. "वाटेतच अडकले."

रात्री ती घरी आली, हातपाय धुतले आणि बादलीतलं फडकं काढून साबणाने धुतलं. ते वाळल्यावर घडी करून कपाटात आपल्या कपड्यांखाली ठेवलं. फरशीला जुना टॉवेल घेतला. सासूने पाहिलं. सासूला वाटलं, आता ही बोलेल. चार शब्द बोलेल, मग आपण आठ बोलू आणि विषय संपेल. ती उत्तरं तयार ठेवून बसली. सून काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, महिन्याने नाही. चहा वेळेवर, जेवण वेळेवर, "आई, गोळी घेतली का?" वेळेवर. सासूने जमवलेली उत्तरं तोंडातच शिळी झाली.

शहर वाढत राहिलं. गोदामं गेली, तिथे कॉलन्या आल्या, प्रत्येकीला आपली भिंत आणि आपलं एक तोंड. पुलाला दुसरा पूल आला आणि वळण आणखी पुढे गेलं. विहीणबाईंचं घर मालकाने विकलं. तिथे तीन मजल्यांची इमारत उभी राहिली आणि तिचा पहिला मजला सासूच्या लेकीने घेतला.

"आई, तू आहेस म्हणून घेतला," लेक म्हणाली. तिला दिवस गेले होते. "तुझ्या परसातून माझी खिडकी दिसते. बाळ झालं की मी कामावर जाणार आणि बाळ तुझ्याकडे. भिंतीचं काय ते तू बघ."

"भिंतीचं काय एवढं," सासू म्हणाली. "मीच बांधवलीय, मीच पाडवीन."

तोवर तिचे गुडघे गेले होते. दुचाकीवर टांग टाकता येत नव्हती, बसची पायरी चढवत नव्हती. बाळ झालं तेव्हा रिक्षाने एकदा जाऊन आली, तर येता-जाता खड्ड्यांनी अशी हलली की दोन दिवस उठली नाही. नात झाली होती. भिंतीपलीकडे ती रडायची आणि सासू परसात खुर्ची टाकून ऐकायची. भुकेचं रडणं, झोपेचं रडणं, तिला इकडून ओळखू यायला लागलं होतं. लेकीची रजा संपत आली होती. ती खिडकीतून विचारायची, "आई, झालं का?"

सासू काठी टेकत घरोघर गेली. सगळे तयार होते. चेअरमनचीच स्वयंपाकीण आता इतक्या उशिरा पोचायची की त्यांचं जेवण दुपार टळल्यावर व्हायचं. सायकल सगळे विसरले होते.

"एकच आहे, काकू," चेअरमन म्हणाले. "वाट तुमच्या घराच्या कडेने जाणार. मालकाची संमती पाहिजे. बाकी सगळ्यांचे हात असले नि तो नसला तर नाही होणार."

"मालकाची म्हणजे घरचीच की."

"तेच म्हणतोय. घरचीच."

सभेच्या दिवशी सकाळी सासूने चहा केला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिने सुनेपुढे कप ठेवला.

"आलं टाकलंय," ती म्हणाली. "तुला आवडतं."

सुनेला आलं आवडत नव्हतं. ते तिच्या नणंदेला आवडायचं. तिने कप उचलला आणि शेवटच्या घोटापर्यंत प्यायली.

"छान झालाय," ती म्हणाली.

सासूला तेवढं पुरलं. "सभेला सगळ्यांसाठी चहा घेऊन ये," तिने सांगितलं. "आपलं काम आहे. तोंड गोड असलेलं बरं."

शेडमध्ये तशाच खुर्च्या, तेच चेहरे, केस तेवढे पांढरे झालेले. सासू पुढच्या रांगेत बसली. चेअरमननी विषय सांगितला. एकामागून एक हात वर झाले. मग ते थांबले आणि सगळ्यांनी सुनेकडे पाहिलं. ती सासूच्या खुर्चीशेजारी ट्रे घेऊन उभी होती. कप भरलेले होते.

"मालकीणबाई?" चेअरमन म्हणाले.

सासूने न बघता हात लांब केला, नेहमीच्या जागी. तिच्या हाताला ट्रेची कड लागली. चहा हिंदकळून बशीत सांडला.

"ट्रे ठेव की खाली," ती म्हणाली.

"गरम आहे, आई. सांडेल तुमच्या अंगावर." सुनेने ट्रे दोन्ही हातांनी आणखी नीट धरला. मग ती चेअरमनकडे वळली. "भिंत असू दे. चोऱ्यामाऱ्या वाढल्यात. शेवटचं घर आमचं, पहिला चोर आमच्याकडेच यायचा."

"पण काकूच तर म्हणत होत्या..."

"त्या काय म्हणणार? लेकीचा प्रश्न आहे. लाजतात त्या चारचौघांत." ती मऊ आवाजात बोलत होती. "मनातून त्यांनाही भिंतच हवीय. मागे ठराव त्यांनीच करवला होता. माझा हात धरून. आठवत असेल तुम्हाला."

आठवत होतं. मागच्या रांगेत कुणीतरी हसलं, मग इतरही हसले. सासू खुर्चीचा हात धरून उठायला गेली, गुडघ्याने साथ दिली नाही, ती परत बसली. तोंड उघडलं, पण काय म्हणायचं? सांग, का नको म्हणतेस, असं विचारलं असतं तर सुनेने सांगितलं असतं. या सगळ्यांसमोर, याच आवाजात. स्टूल, मान, दोरीवरचे दोन कपडे, रेडिओ.

सासूने तोंड मिटलं.

"चहा घ्या," सून म्हणाली आणि तिने पहिला कप सासूला दिला.

मुलगा मध्ये पडला नाही. त्याला गल्ल्या बंद करता यायच्या, तोंडं नाही. एकदा जेवताना तो म्हणाला, "निदान एक छोटं दार तरी..." आणि सुनेने विचारलं, "भाजी वाढू?" तो म्हणाला, "वाढ."

लेकीची रजा संपली. जावयाची आई गावाहून येऊन राहिली. सासूने तिला लग्नातसुद्धा धड पाहिलं नव्हतं. आता तिचा आवाज रोज ऐकू यायचा, जरा घोगरा, कामाच्या बाईसारखा. खिडकीतून हाक येईनाशी झाली.

दुपारी सून भांडी आवरत होती. सासू परसाच्या दाराशी खुर्चीत, काठी मांडीवर. पलीकडे बाळ रडायला लागलं. भुकेचं नव्हतं, झोपेचं होतं. सासू पुढे वाकली. तिचा पाय आपोआप जमिनीवर हलायला लागला, पाळण्याला झोका द्यावा तसा. मग पलीकडे तो घोगरा आवाज काहीतरी गुणगुणायला लागला. बाळ रडता रडता अडखळलं, ऐकायला थांबलं. पुन्हा एकदा बारीक रडलं. आणि मग हसलं. पहिल्यांदाच हसलं असावं, कारण तो घोगरा आवाजही थबकला आणि म्हणाला, "अगं बया, पुन्हा हस बघू."

सासू कान देऊन बसली.

सुनेने हात पुसले. ती सासूच्या मागून आली आणि तिने परसाकडची खिडकी लावून घेतली. मग फळीवरचा रेडिओ सुरू केला.

"आवाज जास्त होतोय का, आई?" तिने विचारलं.

सासूने मागे वळून पाहिलं नाही. तिने मान हलवली.

सुनेने आवाज आणखी थोडा वाढवला आणि ती पीठ चाळायला बसली.